‘स्नॉब’ मराठीत आणताना: शिष्ट, आढ्यताखोर, उच्चभ्रू की स्नॉबच?

एका परदेशी मालिकेचे मराठी सबटायटल तपासत होते. प्रसंग साधा. मुलगी मित्राला घरी आणते. आई त्याच्या झिजलेल्या बुटांकडे एक नजर टाकते, हात पुढे करत नाही, आणि चहाचं बघते म्हणून आत जाते ती बाहेर येतच नाही. मुलगी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून म्हणते, ‘डोन्ट बी सच अ स्नॉब, मदर.’ खाली मराठी ओळ होती: ‘आई, इतकी उच्चभ्रू होऊ नकोस.’

स्नॉब म्हणजे स्वतःला वरचा समजून दुसऱ्याला तुच्छ लेखणारा माणूस. ओळ चुकली आहे हे लगेच कळलं. बरोबर काय, हे ठरवायला मात्र अख्खी दुपार गेली. बावीस वर्षं मुंबईत भाषांतर आणि मुद्रितशोधन करते आहे, आणि या एका शब्दापाशी दर वेळी थांबते. हाताखाली शिकणारी मुलं विचारतात, ताई, स्नॉबला एकच काहीतरी सांगा ना. एकच सांगता येत नाही. पण कुठे कोणता घ्यायचा हे सांगता येतं. माझा निवाडा आधीच देते: माणसं एकमेकांशी बोलत असतील तर ‘शिष्ट’. पैशाचा किंवा घराण्याचा ताठा दाखवायचा असेल तर ‘आढ्यता’. ‘उच्चभ्रू’ जवळजवळ कधीच नाही. आणि ‘स्नॉब’ तेव्हाच, जेव्हा बोलणारा माणूस तोच शब्द तोंडात घेईल.

आधी मूळ शब्दाकडे बघायला हवं, कारण त्याच्याबद्दलची एक गोष्ट व्हॉट्सॲपवर वर्षानुवर्षं फिरते आहे. म्हणे इंग्लंडमधल्या विद्यापीठांत सरदार घराण्याबाहेरच्या मुलांच्या नावापुढे ‘सिने नोबिलिताते’, म्हणजे ‘कुलीनता नसलेला’, अशी लॅटिन नोंद करत, तिचं लघुरूप ‘एस. नोब.’, आणि त्यातून स्नॉब. गोष्ट देखणी आहे, पण तिला पुरावा नाही, आणि शब्दाचे सर्वांत जुने वापर तिच्याशी जुळत नाहीत. १७८० च्या दशकात इंग्रजीत स्नॉब म्हणजे जोडे शिवणारा, किंवा त्याच्या हाताखालचा पोऱ्या. त्याआधीचं मूळ सापडलेलं नाही. मग केंब्रिजच्या विद्यार्थ्यांनी हा शब्द उचलला आणि विद्यापीठाबाहेरच्या, गावातल्या कुणालाही तो लावायला लागले. १८३० च्या सुमारास तो एकूणच खालच्या थरातल्या, रीतभात नसलेल्या माणसासाठी रूढ झाला होता. म्हणजे तोवर ज्याच्याकडे तुच्छतेनं बघायचं, तो स्नॉब.

शब्द उलटा फिरला तो पुढे, आणि त्यात विल्यम मेकपीस थॅकरे या कादंबरीकाराचा वाटा मोठा. थॅकरेचा जन्म १८११ चा, कलकत्त्याचा. केंब्रिजमध्ये शिकत असताना, १८२९ मध्ये, तो ‘द स्नॉब’ याच नावाच्या विद्यार्थी नियतकालिकात लिहीत होता. १८४६-४७ मध्ये त्यानं ‘पंच’ साप्ताहिकात इंग्लंडमधल्या स्नॉब मंडळींवर लेखमाला लिहिली, १८४८ मध्ये तिचं पुस्तक झालं. ‘पंच’मध्ये लेखकाच्या नावाच्या जागी होतं ‘त्यांच्यापैकीच एक’. त्याची व्याख्या अशी: क्षुद्र गोष्टींचं जो क्षुद्रपणे कौतुक करतो, तो स्नॉब. थॅकरेचा स्नॉब प्रामुख्यानं वर बघतो. सरदाराच्या बग्गीकडे, मानकऱ्यांच्या पंगतीकडे, आपल्याला तिथे पाट मिळेल का याकडे त्याचं लक्ष. आज आपण ज्याला स्नॉब म्हणतो, जो खाली बघतो आणि नाक मुरडतो, तो अर्थ विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पक्का झाला.

भाषांतर करणाऱ्यानं एवढं लक्षात ठेवलं तरी अर्धं काम होतं. या एका शब्दात दोन नजरा आहेत, वर लागलेली आणि खाली झुकलेली. मराठीत या दोन नजरांना वेगवेगळे शब्द आहेत. त्यामुळे वाक्य समोर आलं की पहिला प्रश्न हाच: हा माणूस या क्षणी कुठे बघतो आहे?

शिष्ट

संस्कृतात ‘शास्’ म्हणजे शिकवणं, वळण लावणं. त्यातून शिष्य आणि त्यातूनच शिष्ट. ‘महाभाष्य’ या व्याकरणग्रंथात पतंजलीनं शिष्ट कोण ते सांगितलं आहे: आर्यावर्तातले असे ब्राह्मण, ज्यांच्या घरी मडकंभरच धान्य असतं, जे लोभी नसतात, आणि जे एखाद्या विद्येत पारंगत असतात. मडकंभर धान्य! इथपासून निघालेला शब्द आज आपण कुणासाठी वापरतो? ‘चार वेळा हाक मारली तरी वळून बघितलं नाही, शिष्ट कुठली.’

स्नॉब आणि शिष्ट ही जोडी मला शब्दांच्या सर्वांत बोलक्या जोड्यांपैकी वाटते. स्नॉब चांभाराच्या दुकानातून निघाला आणि नाक वर करणाऱ्यांच्या दिवाणखान्यात पोचला. शिष्ट विद्वानाच्या झोपडीतून निघाला आणि चाळीच्या नळावर टोमणा झाला. एक चढत, एक उतरत, दोघे एकाच पायरीवर येऊन भेटले. गंमत म्हणजे शिष्टाचार, शिष्टमंडळ, शिष्टसंमत या जोडशब्दांत जुना मान अजून शाबूत आहे. ‘मंत्र्यांना शिष्टमंडळ भेटलं’ यात कुणालाही टोमणा ऐकू येत नाही. एकट्या ‘शिष्ट’लाच हा चटका आहे.

बोलीत म्हणूनच याला तोड नाही. दोन अक्षरं, सबटायटलच्या ओळीत सहज मावतात, लालबागपासून बोरिवलीपर्यंत सगळ्यांना कळतात, आणि आईला, वहिनीला, मैत्रिणीला, बॉसला, कुणालाही लावता येतात. रागानं म्हणता येतं आणि लाडानंही.

पण याची एक मोठी अडचण आहे आणि ती मी अंगावर झेललेली आहे. इंग्रजीतला स्नॉब तुच्छता बाळगतो. तुच्छता नसेल तर तो स्नॉब नव्हे. मराठीतला शिष्ट व्हायला फक्त न मिसळणं पुरतं. मी परळच्या चाळीत वाढले. गॅलरीच्या टोकाला, जिन्याच्या वरच्या पायरीवर बसून वाचायची, कारण दहा बाय बाराच्या खोलीत तेवढीच जागा माझी होती. शेजारच्या काकू येता-जाता म्हणायच्या, ‘बोलत नाही हो कुणाशी, शिष्ट आहे.’ मी कुणाला खाली लेखत नव्हते, मला बोलायला सुचायचं नाही एवढंच. त्याच वर्षी दक्षिण मुंबईतल्या एका कॉलेजात प्रवेश घेतला. तिथे माझ्या उच्चारांवरून माझं नाव ‘व्हर्नॅक’ पडलं, मराठी माध्यमातून आलेल्यांना तिथे तेच म्हणत. सकाळी साडेआठला चाळीतून शिष्ट म्हणून निघायचं आणि सव्वानऊला फाटकात व्हर्नॅक म्हणून शिरायचं. त्या व्हर्नॅक म्हणणाऱ्या मुली खऱ्या अर्थानं स्नॉब होत्या. मी नव्हते. पण मराठीत तो शब्द मलाच चिकटला होता.

म्हणून व्यक्तिरेखा नुसती अबोल असेल, आणि मूळ लेखकानं तिच्यात तुच्छता ठेवलेली नसेल, तर ‘शिष्ट’ लिहिताना दुसऱ्या पात्राचा गैरसमज म्हणून लिहा. निवेदकाच्या तोंडी देऊ नका. आणि तुच्छता खरोखर असेल तर ‘शिष्ट’च्या शेजारी एक कृती ठेवा: नजर, हात मागे घेणं, नाक मुरडणं.

जाता जाता, ‘शिष्ठ’ असं लिहू नका. गर्विष्ठ, वरिष्ठ, श्रेष्ठ यांच्या संगतीनं ही चूक होते. माझ्याकडे येणाऱ्या दर तिसऱ्या हस्तलिखितात ती असते.

आढ्यता

आढ्य म्हणजे धनवान. गीतेच्या सोळाव्या अध्यायात, आसुरी संपत्तीच्या वर्णनात, पंधराव्या श्लोकात एक माणूस स्वतःशीच बोलतो: ‘आढ्योऽभिजनवानस्मि कोऽन्योऽस्ति सदृशो मया.’ मी श्रीमंत आहे, मोठ्या कुळातला आहे, माझ्यासारखा दुसरा आहे कोण? जगातल्या कुठल्याही भाषेत स्नॉबचं यापेक्षा नेमकं वाक्य मी वाचलेलं नाही. पैसा, कूळ आणि ‘माझ्यासारखा कोण’, तिन्ही एका ओळीत.

तेव्हा मूळ मजकुरात घराणं, मालमत्ता, क्लबचं सभासदत्व, पत्त्याचा पिन कोड असं काही असेल, तर ‘आढ्यता’ आणि ‘आढ्यताखोर’ हे शब्द अचूक बसतात. मलबार हिलवरचा एखादा गृहस्थ दादरच्या पलीकडे पाऊल टाकत नाही आणि ते अभिमानानं सांगतो, त्याला शिष्ट म्हणण्यापेक्षा आढ्यताखोर म्हणणं मला पटतं. तोटा उघड आहे. शब्द पुस्तकी आहे. वीस वर्षांची मुलगी आईला ‘आढ्यताखोर’ म्हणणार नाही. लेखात, समीक्षेत, कादंबरीच्या निवेदनात मात्र मी तो हक्कानं वापरते, आणि तरुण लेखकांनी तो परत वापरात आणावा असं मनापासून वाटतं.

याच श्लोकातला ‘अभिजन’ आज समाजशास्त्रात वरच्या, सत्ता असलेल्या थरासाठी चालतो, आणि त्या थराचंच चालावं या विचाराला ‘अभिजनवाद’ म्हणतात. तो विचार झाला, स्वभाव नव्हे. स्नॉबसाठी त्याचा उपयोग नाही.

उच्चभ्रू

भ्रू म्हणजे भुवई. इंग्रजी ‘हायब्रो’ची सरळ नक्कल. त्या इंग्रजी शब्दात बुद्धीचा, अभिरुचीचा संबंध होता, मराठीत तो गळून पडला. आज ‘उच्चभ्रू वस्तीत घरफोडी’ अशी बातमी येते तेव्हा त्याचा अर्थ महागडी घरं असलेली वस्ती, एवढाच उरतो. या शब्दात दूषण नाही, उलट बिल्डरच्या जाहिरातीत तो कौतुकानं येतो. आईला ‘इतकी उच्चभ्रू होऊ नकोस’ म्हणणं म्हणजे ‘इतकी श्रीमंत वस्तीतली होऊ नकोस’ म्हणण्यासारखं. यावर आणखी लिहिण्यासारखं नाही.

तोरा, मिजास, भाव खाणं आणि बाकीची मंडळी

इथे मराठी खरी श्रीमंत आहे, आणि इथेच घसरायलाही होतं. तोरा, ऐट, मिजास, बडेजाव, टेंभा मिरवणं, आणि मुंबईचं खास ‘भाव खाणं’ आणि ‘शायनिंग मारणं’. या सगळ्यांत दिखावा आहे. टेंभा म्हणजे मशाल, ती मिरवायला कुणीतरी बघणारा लागतो. शायनिंग मारणाऱ्याला तुमची नजर हवी असते. स्नॉबला तुमची नजर नको असते, तुम्ही त्याच्या नजरेतच नसता. नवी मोटरसायकल घेऊन गल्लीत तीन फेऱ्या मारणारा पोरगा शायनिंग मारतो, पण तो स्नॉब नाही. तो तुम्हाला मागे बसवून चक्करही मारून आणेल.

थॅकरेच्या वर बघणाऱ्या स्नॉबसाठी मात्र याच पेटीत हत्यारं आहेत. ‘अर्ध्या हळकुंडानं पिवळा होणं’ ही म्हण त्याच्यासाठीच घडवल्यासारखी आहे. ‘शिंगं फुटणं’ही तसंच. आमच्या चाळीतलं एक कुटुंब ठाण्याला ब्लॉकमध्ये राहायला गेलं. पहिल्याच गणपतीला चाळीत आले ते पिण्याच्या पाण्याची बाटली घरून घेऊन. आईनं ताटं मांडली, तांब्या-भांडं ठेवलं. त्यांनी भांडं हलकेच बाजूला सारलं आणि बाटलीचं झाकण फिरवलं. ज्या नळाचं पाणी त्यांनी पंचवीस वर्षं प्यायलं होतं तोच नळ दाराबाहेर वाहत होता. आई त्यांच्यासमोर काही बोलली नाही. ते गेल्यावर भांडं विसळताना एवढंच म्हणाली, ‘शिंगं फुटली.’ इथे ‘शिष्ट’ म्हटलं असतं तर कमी पडलं असतं. ‘शिंगं फुटली’मध्ये काळ आहे: आधी नव्हती, आता आली. परवापर्यंत आपल्यातला असलेला माणूस त्यात आहे.

आणि ‘नाकानं कांदे सोलणं’ विसरू नका. स्वतःचं ठीक नसताना दुसऱ्याला सोवळेपणा शिकवणारा स्नॉब जिथे येईल तिथे हा वाक्प्रचार बिनधास्त ठेवा.

स्नॉबला स्नॉबच म्हणावं का

मुंबईत हा शब्द मराठी बोलण्यात आला आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. ‘ती ना, जाम स्नॉब आहे’ हे मी पार्ल्यात ऐकलं आहे, ठाण्यात ऐकलं आहे. मग तोच का ठेवू नये?

ठेवा की नको हे ठरवायला माझी एक कसोटी आहे. शब्द स्वतःला लावून बघा. ‘मी कॉफीच्या बाबतीत स्नॉब आहे’ हे वाक्य वांद्र्याच्या कुठल्याही कॅफेत ऐकू येईल, आणि म्हणणाऱ्याच्या चेहऱ्यावर समाधान असेल. आता म्हणून बघा: ‘मी कॉफीच्या बाबतीत शिष्ट आहे.’ कुणी म्हणत नाही. मराठीत शिष्ट, आढ्यताखोर, शिंगं फुटलेला हे दुसऱ्यानंच म्हणायचं असतं. मराठी शब्दांत आरोप जिवंत आहे, इंग्रजी शब्द दागिन्यासारखा अंगावर घालता येतो. त्यामुळे पात्र स्वतःलाच स्नॉब म्हणवत असेल तर देवनागरीत ‘स्नॉब’ ठेवणं हेच खरं भाषांतर. आणि आवडीनिवडीचाच मुद्दा असेल, तुच्छता नसेल, तर आपल्याकडे ‘चोखंदळ’ हा छान शब्द आहे. माटुंग्याला जाऊनच फिल्टर कॉफी पिणारा माझा मित्र चोखंदळ आहे. दुसऱ्याच्या घरची कॉफी बघून तो नाक मुरडायला लागला की त्याला चोखंदळपणाचा तोरा आला.

परिभाषेतही ‘स्नॉब’ ठेवावा लागतो. हार्वे लायबेनस्टाइन या अर्थशास्त्रज्ञानं १९५० मध्ये मागणीच्या संदर्भात ‘स्नॉब इफेक्ट’ मांडला: इतर लोक एखादी वस्तू घ्यायला लागले की काही गिऱ्हाइकांना ती नकोशी होते. विद्यार्थ्यासाठी ‘स्नॉब परिणाम’ लिहा आणि पुढच्याच वाक्यात अर्थ फोडून सांगा. ‘शिष्ट परिणाम’ असं काही बनवलंत तर मुलाला परीक्षेतही कळणार नाही आणि बाजारातही. ‘इन्व्हर्टेड स्नॉबरी’, म्हणजे साधेपणाचाच ताठा, याला मात्र ‘उलटा शिष्टपणा’ सुरेख बसतो. ‘मी आजवर एसी लोकलमध्ये पाऊल ठेवलेलं नाही’ हे छाती फुगवून सांगणाऱ्यासाठी.

दुसरी बाजूही सांगायला हवी. ‘स्नॉब’ हा शब्द वाचकांचे दोन भाग करतो. ज्यांना तो माहीत आहे आणि ज्यांना नाही. लेडीज फर्स्ट क्लासमध्ये दादरला चढलेल्या एका बाईंना खिडकीतल्या तरुणीनं इंग्रजीत सांगितलं, हा फर्स्ट क्लास आहे. बाईंच्या हातात डब्यांची कापडी पिशवी होती, साडी सुती. त्यांनी काही न बोलता पर्समधून पास काढला, तिच्यासमोर धरला, परत ठेवला. माझ्या शेजारची बाई पुटपुटली, ‘किती शिष्ट आहे बघा.’ डब्यातल्या सगळ्यांना कळलं. पासवाल्या बाईंनाही कळलं, आणि त्यांच्या खांद्यांवरचा ताण थोडा उतरलेला मला दिसला. ती ‘स्नॉब’ म्हणाली असती तर तो शब्द कदाचित त्या तरुणीपर्यंतच पोचला असता.

जिथे यातला कुठलाही शब्द चालणार नाही

हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. स्नॉब म्हणजे मुळात जोडे शिवणारा, हे आपण वर पाहिलं. इंग्लंडमध्ये तो धंदा होता. आपल्याकडे ती जात होती, आणि आपली एक म्हण आहे, ‘पायाची वहाण पायीच बरी’. माणसाला त्याची जागा दाखवणारी ही म्हण आजही लोक सहज वापरतात.

बाळू पालवणकर हे चांभार समाजातले, आपल्या देशाचे पहिल्या फळीतले डावखुरे फिरकी गोलंदाज. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले. पुण्यात खेळत असताना त्यांचेच सवर्ण सहकारी मैदानावर त्यांच्या हातून चेंडू घेत, आणि चहाच्या वेळी त्यांना पॅव्हेलियनच्या बाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात चहा मिळे. मुंबईच्या चौरंगी, म्हणजे समाजांनुसार बनलेल्या चार संघांच्या, सामन्यांत हिंदू संघाचं कर्णधारपद त्यांना कधी रीतसर मिळालं नाही. त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना ते १९२३ मध्ये मिळालं.

अशा प्रसंगावर लिहिताना ‘सहकाऱ्यांचा स्नॉबपणा’ किंवा ‘शिष्टपणा’ असं लिहिलेलं मी पाहिलं आहे, आणि ते मी दर वेळी खोडते. शिष्टपणा हा स्वभावाचा दोष आहे, त्यावर हसता येतं, रुसता येतं. मातीचं वेगळं भांडं ही अस्पृश्यता आहे. तिला तेच नाव द्या. इंग्रजी मजकुरात कुणी ‘कास्ट स्नॉबरी’ लिहिलं असेल तरी मराठीत ‘जातीचा ताठा’ इथपर्यंतच जा, आणि प्रत्यक्ष वागणूक वर्णन केली असेल तर सरळ ‘जातिभेद’ किंवा ‘अस्पृश्यता’ म्हणा. घर भाड्यानं द्यायचं म्हणून आडनाव विचारणारा सोसायटीचा सेक्रेटरी शिष्ट नसतो. तो कदाचित फार गोड बोलतो.

पुन्हा त्या स्वयंपाकघराच्या दाराकडे. झिजलेले बूट, पुढे न आलेला हात, आई खाली बघते आहे, तुच्छता स्पष्ट आहे, आणि बोलणारी घरातलीच मुलगी आहे. ‘आढ्यता’ तिच्या तोंडी बसत नाही. ‘स्नॉब’ ती म्हणू शकली असती, पण ही मालिका सांगली-सोलापूरलाही बघणार आहेत. शेवटी ओळ अशी केली: ‘आई, शिष्टपणा पुरे. बाहेर ये.’ मूळ वाक्यात ‘बाहेर ये’ नाही. ते मी घातलं, कारण हात न देता आत गेलेल्या आईला मराठी मुलगी एवढं म्हटल्याशिवाय थांबणार नाही.